जाते : घरातील एक अलिखित साधन

ताम्रपट, शिलालेख आणि बखरी ही इतिहासाची साधने आपल्या परिचयाची आहेत. राजे, दाने आणि लढाया यांची माहिती त्यांतून मिळते. परंतु रोज पहाटे उठून घराचे दळण दळणाऱ्या स्त्रीची नोंद त्यांत शोधू गेल्यास बहुधा निराशाच पदरी येते. तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी तिने हाताळलेल्या वस्तूकडेच वळावे लागते.

प्रथम शब्द पाहू. ‘जाते’ हा शब्द संस्कृत ‘यंत्र’ या शब्दापासून प्राकृतातील ‘जंत’ या रूपाद्वारे आला आहे. यंत्रे कारखान्यांबरोबर आली असे आपण सहज मानतो. मराठीने मात्र ते नाव फार पूर्वीच घरातील दळणाच्या साधनाला दिले होते. ते यथार्थही आहे. वरच्या दगडाच्या तोंडात वैरण घालून खुंट्याने तो फिरवला की धान्य मध्यापासून कडेकडे सरकत दळले जाते आणि पीठ सभोवती पडते. दगड गुळगुळीत झाले की दळण नीट होत नाही. मग त्यांना पुन्हा टाकी लावून घ्यावी लागते.

फिरते जाते प्राचीन असले तरी आद्य नव्हे. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीतील लोक खोलगट दगडावर दुसरा दगड पुढेमागे रेटून धान्य दळत. नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात झालेल्या उत्खननात मात्र सातवाहनकालीन थरांत गोल, फिरत्या जात्यांचे दगड मिळाले. रेटण्याऐवजी फिरवणे हा बदल वरवर किरकोळ वाटेल. पण त्यामुळे दळणाला अखंड गती मिळाली, एक हात वैरण घालण्यास मोकळा झाला आणि जात्यापाशी दोघींना समोरासमोर बसता येऊ लागले.

या गतीच्या साथीने ओवी गायिली गेली. विठ्ठल जनाबाईला दळू लागतो, ही संतपरंपरेतील कल्पना आपण जाणताच. एकटीने दळणे किती जड होते, हेही तीतून कळते. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. त्यांत माहेर आहे, भाऊ आहे, सासुरवासाची कडवट तक्रार आहे आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयीचा अभिमानही आहे. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांचे समाजाविषयीचे मत असे थेट सांगणारी साधने थोडीच आहेत. ओवीला केवळ ‘लोकगीत’ म्हणून बाजूला ठेवणाऱ्या अभ्यासकांनी हे ध्यानात घ्यावयास हवे होते.

पुढे पिठाची गिरणी आली. स्त्रियांचे कष्ट कमी झाले, आणि ते व्हावयासच हवे होते. मात्र दळण गेले तसे ओवी गाण्याचे निमित्तही गेले. जाते पुष्कळ घरांत आता लग्नातील हळद दळण्यापुरते उरले आहे; काही ठिकाणी त्याचा एक दगड उंबऱ्यापाशी पायरी झाला आहे.

आपल्या घरी वा शेजारी असे जाते असल्यास त्याचे निरीक्षण करा. खुंटा कोणत्या बाजूने झिजला आहे, दगडावर टाकीचे घाव शिल्लक आहेत काय, हे पाहा. ते कोणी आणले, त्यावर शेवटचे दळण कधी झाले, हे घरातील वडीलधाऱ्या स्त्रीला विचारा. एखादी ओवी तिला आठवली तर ती तिच्याच उच्चारांत, दुरुस्ती न करता, लिहून घ्या.