बीटा विंडोज टाकली अन् लॅपटॉप लोगोवरच अडकला? फॉरमॅट करण्याआधी हे वाचा

डिजिटल डेस्क, करमाळा : लॅपटॉप सुरू केला, लोगो आला, गोल ठिपके फिरू लागले आणि तिथेच सगळे थांबले. विंडोजची बीटा, म्हणजे चाचणीसाठी काढलेली आवृत्ती टाकणाऱ्यांवर ही वेळ कधीही येऊ शकते. करमाळ्यासारख्या तालुक्याच्या गावात अशा वेळी पहिला सल्ला मिळतो, 'फॉरमॅट मारून टाक.' पण घरातल्या एकुलत्या एका लॅपटॉपवर मुलांचे प्रोजेक्ट, दुकानाचा टॅलीतला हिशेब आणि लग्नाचे फोटो असतील, तर हा सल्ला महागात पडतो. बहुतेक वेळा डेटा शाबूत असतो. अडलेले असते ते फक्त विंडोजचे सुरू होणे.

असे का होते?

मायक्रोसॉफ्टने 2014 मध्ये 'विंडोज इनसायडर' योजना सुरू केली. तिच्यात सामील झालेल्यांना नवी आवृत्ती आधी मिळते, पण तिच्यातल्या चुकाही आधी मिळतात. सुरू होताना विंडोज ग्राफिक्स, डिस्क, वाय-फाय यांचे ड्रायव्हर लोड करते. त्यातला एखादा जुना ड्रायव्हर नव्या आवृत्तीशी जुळला नाही, की गाडी तिथेच थांबते.

विंडोज 10 चा नियमित मोफत सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. त्यामुळे जुन्या लॅपटॉपवर नवी आवृत्ती चढवण्याचा मोह होतो. मात्र विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 चिप, किमान 4 जीबी रॅम आणि 64 जीबी जागा लागते. ही अट चुकवून टाकलेली बीटा अडकण्याचा धोका जास्त.

आधी पाहा, अडकले कुठे?

- फक्त कंपनीचा लोगो आहे, ठिपके नाहीत : पेनड्राइव्ह, माउस, प्रिंटर सगळे काढून पुन्हा सुरू करा. बायोसही उघडत नसेल (कंपनीनुसार एफ2, एफ10, डिलीट किंवा एस्केप), तर दोष बहुधा हार्डवेअरचा आहे.
- ठिपके फिरताना थांबले : ड्रायव्हर किंवा अपडेटची शक्यता जास्त.
- पासवर्डनंतर काळा पडदा : ग्राफिक्स ड्रायव्हरवर संशय घ्या.

अपडेटची टक्केवारी दिसत असेल तर घाई नको. चार्जर लावून किमान अर्धा तास थांबा. कॅप्स लॉकचा दिवा लागत-विझत असेल तर मशीन पूर्ण गोठलेले नाही.

मग हे करा, याच क्रमाने

1. ठिपके दिसताच पॉवर बटण 10 सेकंद दाबून लॅपटॉप बंद करा. असे दोन-तीन वेळा केल्यावर विंडोज स्वतःच दुरुस्तीचा निळा पडदा उघडते.
2. बिटलॉकरची की मागितली तर घाबरू नका. हा 48 अंकी क्रमांक बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असतो. मोबाइलवरून लॉग-इन करून पाहता येतो. तो नसेल तर डेटा उघडत नाही.
3. आधी डेटा वाचवा. 'ट्रबलशूट'मधील 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'नोटपॅड' असे इंग्रजीत टाइप करा. त्यातल्या 'फाइल', 'ओपन'मध्ये 'ऑल फाइल्स' निवडले की फोल्डर दिसतात. महत्त्वाचे ते पेनड्राइव्हवर कॉपी करा.
4. 'अनइन्स्टॉल अपडेट्स'मधून शेवटचे अपडेट काढा. बीटा टाकून 10 दिवस झाले नसतील तर साधारणपणे जुन्या आवृत्तीवर परत जाता येते.
5. तरीही अडले तर 'स्टार्टअप सेटिंग्ज'मधून 4 दाबून सेफ मोड सुरू करा आणि डिव्हाइस मॅनेजरमधून ग्राफिक्स ड्रायव्हर मागे घ्या.
6. शेवटचा उपाय 'रीसेट'. 'कीप माय फाइल्स' निवडल्यास फायली राहतात. टॅली, श्रीलिपी यांसारखे प्रोग्राम मात्र पुन्हा टाकावे लागतात.

मोठ्यांनाही हाच मार्ग

19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातील सुमारे 85 लाख विंडोज संगणक ठप्प झाले. देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ते अपडेट बीटा नव्हते, तरी सुरू होताना लोड होणारी एक सदोष फाइल पुरेशी ठरली. अनेक ठिकाणी उपाय होता सेफ मोडमध्ये जाऊन तेवढी फाइल काढण्याचा. त्यासाठी फॉरमॅटची गरज नव्हती.

पुढच्या वेळी

कामाच्या एकमेव लॅपटॉपवर बीटा नकोच. टाकायचीच असेल तर आधी बॅकअप घ्या, बिटलॉकरची की वहीत लिहून ठेवा आणि 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोजची इन्स्टॉलेशन प्रत बनवा. दुकानात दुरुस्तीला देताना 'डेटा हवा आहे, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका' हे चिठ्ठीवर लिहून द्या.