भिंतीला बदामी रंग देताना

दिवाळी जवळ आली की गटाच्या बैठकीत घराच्या रंगाचा विषय निघतोच. आपल्या उमरगा-लोहारा भागात १९९३ च्या भूकंपाआधी दगड-मातीची घरं होती, भिंतींना मातीचाच रंग असायचा. नंतरची घरं सिमेंटची, करड्या भिंतींची. बदामी रंगाने त्यांना पुन्हा मातीची ऊब येते.

बदामी म्हणजे पांढऱ्यात पिवळा आणि थोडा तांबडा. तांबडा वाढला की भिंत विटकरी दिसते, पिवळा वाढला की हळदी. शेडकार्डावरचा बोटभर तुकडा बघून हे कळत नाही. म्हणून आधी भिंतीवर दोन फुटांचा चौकोन रंगवा. चुन्यात कालवलेला रंग ओला असताना गडद दिसतो, वाळला की फिका होतो. म्हणून दुसऱ्या दिवशी बघा: सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याखाली.

उजेड कमी असलेल्या स्वयंपाकघराला फिका बदामी द्या. छत पांढरं, दारं तपकिरी आणि जोत्याला गेरूचा पट्टा, ही जोडी शोभते. भिंतीला ओल असेल तर आधी ती थांबवा, नाहीतर पोपडे निघतील.

हिशेब असा: दहा बाय दहाची, नऊ फूट उंच खोली म्हणजे चार भिंतींचे ३६० चौरस फूट. दोन हात द्यायचे तर ७२०. त्यातून दारं-खिडक्या वजा करा. एका खोलीचा रंग एकदाच कालवा, दुसऱ्यांदा कालवलेला जुळत नाही.

गटातून कर्ज काढून रंग घेणार असाल, तर हप्ते फिटेपर्यंत तीच भिंत रोज समोर असणार. चौकोन रंगवायला एक दिवस जातो, तो जाऊ द्या.