सिडनी ते पॅरिस : मनाचा सराव आणि रेंजवरची पेटी

उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्याचं बंदुकीशी नातं जुनं आहे. उल्हासनगर वसलं ते दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याणच्या लष्करी छावणीवर. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले, बराकींत संसार मांडले गेले आणि १९४९ साली शहराला नाव मिळालं. तरी रिक्षावाला आजही 'कॅम्प चार' की 'कॅम्प पाच' असंच विचारतो. अंबरनाथला आयुध निर्माणी आहे आणि तिच्या भोंग्यावर कित्येक घरांची घड्याळं लागली. या दोन्ही गावांना पाणी पाजणारं एमआयडीसीचं बारवी धरण बदलापूरपलीकडे, मुरबाडच्या वाटेवर, डोंगरांच्या कुशीत आहे.

एवढं असूनही नेमबाजी हा खेळ म्हणून इथे उशिरा पोचला. आमच्याकडच्या बहुतेकांनी पहिली रायफल धरली ती कॉलेजात, एनसीसीच्या खाकीत. पॉइंट टू टूची जुनी रायफल, पोटावर झोपून मोजक्या गोळ्या, आणि टार्गेटचा कागद घरी नेऊन दाखवायचा. खेळात पुढे जायचं असेल तर लोकल पकडून वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर जावं लागे. पुढे पनवेलला सुमा शिरूरची 'लक्ष्य' संस्था उभी राहिली आणि अंतर थोडं कमी झालं. देशातली या खेळाची मध्यवर्ती संघटना १९५१ साली स्थापन करणारे गणेश वासुदेव मावळंकर, म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब, हे मराठी घरातले. राष्ट्रीय स्पर्धेकडे जाणारी 'मावळंकर' स्पर्धा त्यांच्याच नावाची आहे, हे ती खेळणाऱ्या मुलांनाही पुष्कळदा माहीत नसतं.

मला मागोवा घ्यायचा आहे तो साधारण पंचवीस वर्षांचा, आणि त्यातही दोनच गोष्टींचा : नेमबाजाच्या मनाची तयारी आणि रेंजवरचा प्रथमोपचार. पहिल्या गोष्टीत महाराष्ट्राने फार मोठी मजल मारली. दुसरी तिच्या मानाने कितीतरी मागे राहिली आहे.

सन २००० मध्ये सिडनीला अंजली वेदपाठक, म्हणजे आपली अंजली भागवत, दहा मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोचली. ऑलिंपिक नेमबाजीच्या अंतिम फेरीत जाणारी ती पहिली भारतीय महिला. तीही एनसीसीतूनच आलेली, मुंबईच्या कीर्ती कॉलेजची. पदक मिळालं नाही; पण अंतिम फेरीत उभं राहणं हा काय प्रकार असतो, हे इथल्या एका माणसाने तिथे जाऊन अनुभवलं. दोनच वर्षांनी मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने चार सुवर्णपदकं जिंकली. २००४ मध्ये सुमा शिरूरने क्वालालंपूरला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत चारशेपैकी चारशे गुण केले आणि त्याच वर्षी अथेन्सची अंतिम फेरी गाठली. २०१० साली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत म्युनिकला पन्नास मीटर रायफल प्रोनमध्ये जागतिक विजेती झाली.

त्या काळात 'मन एकाग्र कर' एवढाच सल्ला सर्रास दिला जाई. कसं करायचं ते कुणी सांगत नसे. बाहेरच्या जगात यावर बराच विचार झाला होता. अमेरिकेचा लॅनी बॅशम १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये दडपणाखाली गडबडला आणि रौप्यावर थांबला. मग त्याने विजेत्यांना गाठून, त्यांच्या डोक्यात त्या क्षणी काय चालतं ते विचारत मनाच्या सरावाची एक पद्धतच बसवली. १९७६ मध्ये माँट्रियलला त्याने सुवर्ण जिंकलं. उलट बाजूचं उदाहरण मॅथ्यू एमन्सचं. २००४ मध्ये अथेन्सला सुवर्ण हातात आल्यासारखं असताना त्याने शेवटची गोळी शेजारच्याच्या टार्गेटवर मारली. चार वर्षांनी बीजिंगला शेवटच्या गोळीला त्याला फक्त ४.४ गुण मिळाले. या माणसाचं तंत्र जगात कुणाहून कमी नव्हतं. बीजिंगलाच सुवर्ण जिंकणाऱ्या अभिनव बिंद्राने स्पर्धेआधी जर्मनीत एका उंच खांबावर चढून स्वतःच्या भीतीशी ओळख करून घेतली होती. अंतिम फेरीत छाती धडधडणारच. ती धडधड अनोळखी वाटू नये, यासाठी ही खटपट.

आपल्याकडे हे कसं मुरलं ते राही सरनोबतच्या खेळात दिसतं. तिचा पंचवीस मीटर पिस्तूल हा प्रकार मला विशेष जवळचा वाटतो, कारण ऑलिंपिकच्या चौकटीत प्रॅक्टिकल शूटिंगच्या, म्हणजे धावत, जागा बदलत खेळायच्या नेमबाजीच्या, जवळ जाणाऱ्या मोजक्या प्रकारांतला तो एक आहे. जलद टप्प्यात हात पंचेचाळीस अंश खाली धरून उभं राहायचं. सात सेकंद लाल दिवा, मग हिरवा. तीन सेकंदांत हात उचलायचा, नेम घ्यायचा, घोडा दाबायचा. पुन्हा हात खाली, पुन्हा सात सेकंद. त्या सात सेकंदांत मन कुठे असतं यावर पुढची गोळी ठरते. चुकलेल्या गोळीत अडकलेलं मन हिरवा दिवा लागला तरी परत येत नाही. कोपराच्या दुखापतीने राहीची मधली काही वर्षं गेली होती. २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत तिची थायलंडच्या खेळाडूशी ३४ वर बरोबरी झाली, पहिल्या शूट-ऑफमध्येही कोंडी फुटली नाही, दुसऱ्यात राही जिंकली. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला.

आणि १ ऑगस्ट २०२४. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला स्वप्नील कुसाळे पॅरिसला पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकून आला. एमन्सला दोनदा दगा देणारा प्रकार तो हाच. गुडघ्यावरच्या पहिल्या टप्प्यात स्वप्नील मागे होता. उभ्याने नेम धरण्याच्या, सगळ्यांत अवघड, टप्प्यात तो वर सरकला. गुणफलकाकडे बघत नव्हतो, श्वासावर लक्ष होतं, असं त्याने नंतर सांगितलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. स्वप्नीलची प्रशिक्षक दीपाली देशपांडे, स्वतः अथेन्सला खेळून आलेली. सिडनी-अथेन्सची पिढी जे सोसून शिकली ते दीपालीने पुढच्या पिढीच्या हाती दिलं. माझ्या लेखी या पंचवीस वर्षांची खरी कमाई ही आहे, आणि ती पदकतक्त्यात मावत नाही.

प्रॅक्टिकल शूटिंगचा रस्ता मात्र वेगळा आणि आपल्याकडे अरुंद. या खेळाची जागतिक संघटना १९७६ मध्ये अमेरिकेत, मिझुरी राज्यातल्या कोलंबियात स्थापन झाली. यात खेळाडू एका जागी उभा राहत नाही. तो धावतो, आडोशामागून, खिडकीतून, वाकून नेम घेतो, मॅगझिन बदलतो. मिळालेले गुण भागिले लागलेला वेळ, असा हिशेब. दहा सेकंदांत साठ गुण म्हणजे सहा. आठ सेकंदांत पंचावन्न म्हणजे जवळजवळ सात. म्हणजे थोडे गुण सोडून वेग घेणं कधी परवडतं. पण टार्गेट पूर्ण चुकलं तर दहा गुण उलटे जातात. पिस्तुलाची नळी नव्वद अंशांच्या मर्यादेबाहेर वळली की खेळाडू सामन्यातून बाद. तिथे रदबदली चालत नाही आणि ते योग्यच आहे.

भारतात नऊ मिलिमीटरचं पिस्तूल 'प्रतिबंधित बोअर'मध्ये येतं, सामान्य परवान्यावर ते मिळत नाही. जगभर हा खेळ मुख्यतः त्याच पिस्तुलावर खेळला जातो. त्यामुळे आपल्याकडे त्याचा विस्तार मर्यादितच राहिला. परवान्याशिवाय रेंजही चालवता येत नाही. तरी या खेळातली एक सवय सगळ्या नेमबाजांनी उचलावी अशी आहे. स्टेज, म्हणजे टार्गेटं मांडलेला एक टप्पा, सुरू होण्याआधी काही मिनिटं खेळाडूंना रिकाम्या हाताने ती पाहू देतात. त्या वेळी बघावं तर माणसं बोटाने हवेत नेम धरत, ओठांत काहीतरी पुटपुटत, पावलं मोजत फिरत असतात. कुठे थांबायचं, कोणत्या टार्गेटला कुठून गोळी, मॅगझिन कुठे बदलायचं, हे डोळे मिटून दिसेपर्यंत घोकायचं. टायमरची बीप वाजल्यावर विचाराला वेळ नसतो. जे घोकलेलं असतं तेवढंच अंगातून उतरतं.

नेमकं हेच प्रथमोपचाराला लागू पडतं आणि नेमकं इथेच आपण कमी पडतो. रेंजवर भिंतीला पांढरी पेटी असते. उघडा. कापूस, आयोडीन, चिकटपट्ट्या, मुदत संपलेलं मलम. मांडीची मोठी रक्तवाहिनी फुटली तर माणूस काही मिनिटांत जातो. तिथे या पेटीचा काय उपयोग? लागतं ते रुंद पट्ट्याचं, पिळून आवळायचं टुर्निके, जखमेत दाबून भरायला लांब गॉज, हातमोजे आणि कपडे कापायची कात्री. अमेरिकेत २०१५ पासून सामान्य नागरिकांना रक्तस्राव थांबवायला शिकवण्याची मोठी मोहीम सुरू आहे. शिकवण सोपी आहे. हातापायावरची जखम असेल तर तिच्या तीन-चार बोटं वर, सांधा टाळून, रक्त थांबेपर्यंत आवळायचं. वेळ लिहून ठेवायची. दवाखान्यात पोचेपर्यंत सैल करायचं नाही. काखेत किंवा जांघेत पट्टा बसत नाही, तिथे गॉज खोल भरून दोन्ही हातांनी अंगाचा भार टाकायचा. पण वाचून हे येत नाही. ड्राय फायर, म्हणजे बिनगोळीचा सराव, रोज करणाऱ्या नेमबाजाने टुर्निके एकदाही स्वतःच्या दंडावर आवळून पाहिलेलं नसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

गोळी लागण्याचे प्रसंग शिस्तीच्या रेंजवर फार दुर्मिळ. इतर गोष्टी घडतात. दिल्लीच्या डॉ. कर्णी सिंग रेंजवर हवेचा सिलिंडर भरताना झालेल्या स्फोटात हवाई दलातल्या एका नेमबाजाने डाव्या हाताचा अंगठा गमावला. तुटलेलं बोट ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ती पिशवी बर्फावर ठेवायची, थेट बर्फात बोट टाकायचं नाही, हे किती जणांना ठाऊक असतं? डोळ्यात शिशाचा कण गेला तर चोळायचं नाही. आणि वडापाव खाण्याआधी हात धुवायचे, कारण शिसं बोटांवरून पोटात जातं.

बारवीसारख्या मुलखात आणखी एक गोष्ट येते, साप. मोकळ्या रेंजला मागे डोंगर हवा, भोवती वस्ती नको. म्हणजे दगड, गवत, फुरसं, घोणस, नाग आलेच. इथे एक घातक गोंधळ होऊ शकतो. गोळीच्या जखमेला जो पट्टा जीव वाचवतो, तोच सर्पदंशाला बांधला तर हातपाय निकामी करू शकतो. गावाकडे अजूनही साप चावला की आधी दोरी शोधतात. दंशाला आवळायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. अंगठी, घड्याळ, पैंजण काढायचे, मोडलेल्या हाडासारखा तो अवयव फळीने स्थिर करायचा आणि प्रतिविष मिळेल तिथे न्यायचं. विंचवाचंही तसंच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून कोकणात किती जीव वाचवले! पण ते औषधही दवाखान्यातच, डॉक्टरच्या देखरेखीत. म्हणून एकाच पेटीसमोर दोन वेगळ्या उजळण्या हव्यात : रक्त वाहतंय तर हे, दंश आहे तर ते.

'पोलिस केस आहे' म्हणून जखमीला हात लावायला घाबरणं ही आणखी एक जुनी खोड. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे की, जीव वाचवणं आधी, कागदपत्रं नंतर. महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून धावते आहे. पण ती येईपर्यंतची मिनिटं रेंजवरच्या माणसांची असतात. पावसाळ्यात शनिवार-रविवारी बारवीच्या बाजूला जाणाऱ्या रस्त्यावर पर्यटकांच्या किती गाड्या असतात आणि त्यात रुग्णवाहिका कशी अडकेल ते बदलापूरकरांना सांगायला नको. प्रशासनाला दर वर्षी पर्यटनबंदीचे आदेश काढावे लागतात.

तेव्हा मोसमाच्या पहिल्या दिवशी, पहिली गोळी सुटण्याआधी, एक उजळणी व्हावी. रेंज ऑफिसरने 'स्टॉप' म्हणायचं. सगळी शस्त्रं रिकामी करून खाली. एकाने जखमीवर दोन्ही हात दाबायचे, दुसऱ्याने पेटी आणायची, तिसऱ्याने १०८ ला फोन करून रेंजचा नेमका पत्ता सांगायचा. तो पत्ता मोठ्या अक्षरांत पेटीच्या झाकणावर लिहिलेला असावा. चौथ्याने मुख्य रस्त्यावर जाऊन उभं राहायचं, रुग्णवाहिका दुसऱ्या फाट्याला वळू नये म्हणून. टायमर चालू ठेवायचा. पट्टा आवळून रक्त थांबेपर्यंत किती सेकंद लागले ते स्टेजच्या वेळेसारखं वहीत लिहायचं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा करून बघायचं.