घाटाखालचा प्रोसेसर

महाड-पोलादपुरात काँप्युटर जोडून घ्यायला हल्ली सगळ्यात जास्त येतात ते लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे. आंबेनळीच्या पायथ्याच्या एका गावातला तरुण ऐन उन्हाळ्यात आला तो मनाशी ठरवूनच. म्हणाला, "दादा, कूलर पाण्याचाच टाका. पाण्यावर मशीन तापतच नाही म्हणतात."

तापतं. कूलर हवेचा असो की पाण्याचा, प्रोसेसरची उष्णता शेवटी खोलीतल्या हवेतच जाते. घाट चढताना बुलेटचं इंजिन आपल्या पात्यांवरून थेट वाऱ्याला उष्णता देतं आणि एसटीचं इंजिन आधी पाण्याला, मग रेडिएटरमधून वाऱ्याला देतं, तसाच हा फरक. खोलीत ३५ अंश असतील तर दोन्ही कूलरांची सुरुवात ३५ पासून. त्याखाली दोन्ही जात नाहीत. म्हणूनच पावसाळ्यात घाटातलं धुकं घरात शिरलं, तरी कूलरवर दव धरत नाही. उलट चालू मशीन आतून खोलीपेक्षा उबदार, म्हणून कोरडं राहतं. आपल्याकडे ओल लागते ती आठवडेच्या आठवडे बंद ठेवलेल्या मशीनला.

माझ्या टेबलावर जुन्या कूलरची कापलेली एक नळी असते, ती मी त्याच्या हातात दिली. वरून गुळगुळीत तांबं. आत भिंगातून पाहिलं की भिंतीला तांब्याच्या भुकटीचा खरखरीत थर दिसतो. कारखान्यात नळीतली हवा काढून घेतात, थोडंसं पाणी ठेवतात आणि तोंड बंद करतात. हवेचा दाब नसल्यामुळे ते पाणी कमी तापमानालाच उकळतं. प्रोसेसरकडच्या टोकाला वाफ होते, वाफ पात्यांकडे धावते, तिथे उष्णता सोडून पुन्हा पाणी होते आणि त्या खरखरीत थरातून झिरपत परत येते. म्हणजे ज्याला आपण हवेचा कूलर म्हणतो, त्याच्याही पोटात पाणी आहे. फक्त ते फिरवायला पंप लागत नाही. मला ही रचना फार सुंदर वाटते. पंखा बंद पडला तरी नळी आपलं काम करत राहते. मशीन मंदावतं, पण तेवढ्यात काम सेव्ह करून घेता येतं.

पाण्याच्या कूलरमध्ये प्रोसेसरवर तांब्याची पट्टी, बहुधा तिच्यावरच छोटा पंप, दोन रबरी नळ्या आणि कॅबिनेटला लावलेला २४० किंवा ३६० मिलिमीटरचा रेडिएटर असतो. त्याची खरी ताकद मी नाकारत नाही. इंटेलचा कोअर आय९ १४९००के जोर लावला की २५३ वॉटपर्यंत खेचतो. असा प्रोसेसर तासन्‌तास राबवायचा असेल, तर मीसुद्धा ३६०चा रेडिएटरच सुचवतो. पण एक फसगत लोकांच्या लक्षात येत नाही. एवढं पाणी तापायला काही मिनिटं लागतात. तेवढ्यात आकडे पाहणाऱ्याला वाटतं, काय गार चाललंय! खरा आकडा दिसतो तो अर्ध्या तासाच्या रेंडरनंतर, पाणी पुरतं तापल्यावर. पुण्या-मुंबईच्या दुकानांत दोन मिनिटांची चाचणी दाखवून होणारी विक्री मला म्हणूनच खटकते.

या तरुणाला हवा होता राय्झन ७ ७७००. त्याचं टीडीपी, म्हणजे कंपनीने सांगितलेलं उष्णतेचं माप, ६५ वॉट, आणि जास्तीत जास्त ८८ वॉटच्या आसपास. सोबत डब्यात आलेला कूलरही त्याला पुरतो, पण भरउन्हाळ्यात त्याचा पंखा ओरडतो आणि ऑडिओ जुळवणाऱ्या माणसाला तो आवाज सोसत नाही. त्यासाठी चार नळ्यांचा, १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर पुष्कळ झाला. पंप बिघडला तर बहुतेक तयार संच अख्खाच बदलावा लागतो. तो कुरिअरने येईपर्यंत ऐन लग्नसराईत मशीन बंद. पंखा मात्र महाडात मिळतो, आणि तो बदलायला स्क्रू-ड्रायव्हरही लागत नाही.

बसवताना मी त्याला शेजारीच उभं केलं. कूलरच्या तळाचं पारदर्शक प्लास्टिक सोललं, कारण ते तसंच राहिलेली मशीनं दुरुस्तीला येतात. प्रोसेसरच्या मधोमध वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट ठेवली. दोन्ही स्क्रू आलटून-पालटून, अर्धा-अर्धा फेरा पिळले. एकच बाजू आधी आवळली तर पेस्ट एकीकडे सरते आणि दुसऱ्या कोपऱ्यात हवा राहते. पंख्याचा बाण मागच्या जाळीकडे केला. मग अर्धा तास रेंडर लावून दिलं आणि आकडा ७५ अंशांच्या वर गेला नाही, हे त्याला त्याच्याच डोळ्यांनी बघू दिलं. राय्झनच्या या पिढीला ९५ची मर्यादा आहे.

"आणि महाबळेश्वरला स्टुडिओ टाकला तर?" त्याने विचारलं. प्रश्न चांगला होता. साडेतेराशे मीटरवर हवा साधारण एक-अष्टमांश विरळ, म्हणून पंखा तेवढाच फिरला तरी उष्णता थोडी कमी नेतो, आणि हे रेडिएटरलाही लागू आहे. पण वरची हवा मुळातच इतकी गार की तोटा भरून निघतो.

घाटातली खरी अडचण वेगळीच, ती म्हणजे खड्डे आणि वळणं. उभ्या कॅबिनेटमध्ये टॉवर कूलर मदरबोर्डला आडवा लटकलेला असतो. नॉक्टुआचा एनएच-डी१५ तर पंख्यांसह १३२० ग्रॅम भरतो, आणि तेवढं वजन प्रत्येक धक्क्याला बोर्ड ओढत राहतं. त्याचा कूलर त्याहून पुष्कळ हलका होता, तरी गाडीत ठेवताना मी कॅबिनेट आडवं घातलं, मदरबोर्ड खाली आणि कूलर वर सरळ उभा. ग्राफिक्स कार्ड काढून त्याच्या खोक्यात वेगळं दिलं. दसऱ्याच्या आसपास पात्यांतली धूळ पंखा बोटाने धरून ब्लोअरने काढायची, आणि काही वर्षांनी पेस्ट बदलायला मशीन इकडे आणायचं, एवढं सांगून त्याला निरोप दिला.