संगणकाचा प्रारंभ व त्यातील बिघाड

विद्युत् पुरवठा सुरू केल्यापासून ऑपरेटिंग सिस्टिम कामास लागेपर्यंत संगणक ज्या क्रिया आपोआप व ठराविक क्रमाने पार पाडतो, त्यांना संगणकाचा प्रारंभ किंवा बूटिंग असे म्हणतात. नवी रॅम, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड अथवा डिस्क बसविल्यानंतर पुष्कळदा हा क्रम खंडित होतो. तो कोठे थांबला हे कळले म्हणजे दोषाचे स्थान बहुधा कळते.

प्रारंभाचे टप्पे : वीजपुरवठा एकक प्रत्यावर्ती विद्युत् प्रवाहापासून १२, ५ व ३.३ व्होल्ट एकदिश दाब निर्माण करते व ते स्थिर झाल्याचा संकेत मदरबोर्डला देते. नंतर प्रोसेसर मदरबोर्डवरील फ्लॅश स्मृतीत साठविलेली बायोस किंवा यूईएफआय ही आज्ञावली चालवितो. ती रॅम व इतर घटकांची तपासणी करते. १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पर्सनल कॉम्प्युटरमध्येही अशी स्वयंचाचणी होती. शेवटी डिस्कवरील ऑपरेटिंग सिस्टिम रॅममध्ये आणली जाते.

दोषनिदान : (१) पंखेच फिरत नसतील, तर वीजपुरवठा एकक, त्याच्या जोडण्या किंवा शॉर्ट सर्किट यांचा संशय घ्यावा. (२) पंखे फिरतात पण पडदा कोरा राहतो, तेव्हा प्रोसेसरची १२ व्होल्टची स्वतंत्र जोडणी राहून गेलेली असते किंवा रॅम खाचेत पूर्ण बसलेली नसते. जुन्या बायोसला नवा प्रोसेसर ओळखता न येणे हेही कारण संभवते. २०१८ मध्ये एएमडीच्या काही नव्या प्रोसेसरांबाबत ही अडचण आली होती. डीडीआर५ रॅम बसविल्यावर पहिल्या प्रारंभास काही मिनिटे लागू शकतात. तेवढ्यात पुरवठा तोडू नये. (३) प्रोसेसर व उष्णताशोषक यांमध्ये उष्णतावाहक लेप नसल्यास संगणक थोड्या वेळात बंद पडतो. वऱ्हाडातील उन्हाळ्यात हा दोष लवकर प्रकट होतो. (४) तपासणी पूर्ण होऊनही ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नसेल, तर डिस्कचा प्राधान्यक्रम व बायोसमधील मांडणी पाहावी.

पुरवठा तोडून नवा भाग काढावा व जुन्या रचनेने संगणक सुरू होतो का ते पाहावे. पुढे एका वेळी एकच बदल करावा. अनेक बदल एकदम केल्यास कारण कळत नाही.

माहितीची सुरक्षितता : प्रारंभ न होणे म्हणजे साठविलेली माहिती नष्ट होणे नव्हे. डिस्क सुस्थितीत असल्यास ती दुसऱ्या संगणकास जोडून माहिती उतरवून घेता येते. मात्र घाईने डिस्क फॉरमॅट केल्यास ती गमावण्याचा संभव असतो. वाशिम जिल्ह्यातील मेडशीसारख्या गावी एकाच संगणकावर अनेकांचे अर्ज व कागदपत्रे साठविलेली असल्यास ही हानी एकट्या मालकाची राहत नाही. बिटलॉकरने कूटबद्ध केलेल्या डिस्कसाठी मदरबोर्ड बदलल्यावर ४८ अंकी पुनःप्राप्ती-किल्ली मागितली जाते. म्हणून भाग बदलण्यापूर्वीच माहितीची प्रत काढून ही किल्ली लिहून ठेवणे आवश्यक ठरते.