ऑर्डरबरहुकूम (लेखांक ५) : सोळा आठवडे कधीपासून?

मागच्या लेखांकात आपण कोटेशनपर्यंत आलो होतो. आता पीओ, म्हणजे परचेस ऑर्डर, हातात पडली आहे, असं धरू. भोसरीतल्या एका मध्यम फॅब्रिकेशन शॉपला लोटे परशुराममधल्या रासायनिक कारखान्यासाठी एक प्रेशर व्हेसल बनवायचं आहे. शॉप आणि कारखाना दोन्ही काल्पनिक, अडचणी मात्र या धंद्यातल्या कुणालाही ओळखीच्या वाटतील. पीओवर छापलंय : डिलिव्हरी सोळा आठवडे.

कधीपासून? ग्राहकाचं खरेदी खातं म्हणणार, पीओच्या तारखेपासून. शॉपचा मालक म्हणणार, ॲडव्हान्स आणि मंजूर ड्रॉइंग यांपैकी जे उशिरा हाती येईल तेव्हापासून. कोटेशनमध्ये दुसरं लिहिलेलं असतं, पीओत पहिलं असतं आणि ऑर्डर मिळाल्याच्या आनंदात दोन्ही कागद शेजारी ठेवून कुणी वाचत नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे प्रस्तावाची स्वीकृती पूर्ण आणि बिनशर्त असावी लागते. पीओत अट बदलली असेल तर तो नवा प्रस्ताव झाला. तुम्ही मुकाट्याने काम सुरू केलंत, की तो तुम्हाला मान्य होता असं ग्राहक म्हणू शकतो. त्यामुळे पीओ आल्या आल्या फरकांचं पत्र जायला हवं, पहिली प्लेट मागवण्याआधी.

यानंतर जनरल अरेंजमेंट ड्रॉइंग मंजुरीला जातं, बहुतेकदा ग्राहकाच्या कन्सल्टंटकडे. ते तीन प्रकारे परत येतं : मंजूर, शेऱ्यांसह मंजूर किंवा सुधारून पुन्हा पाठवा. यातलं सगळ्यात धोक्याचं मधलं. नामंजूर ड्रॉइंगवर कुणी काम करत नाही, पण शेऱ्यांसह मंजूर झालेल्यावर सगळे करतात. आणि त्या शेऱ्यांत हमखास एक असतो : ‘नोझल ओरिएंटेशन होल्ड’.

व्हेसलला आत-बाहेर जाणाऱ्या पाइपांसाठी नोझल असतात. वरून पाहिल्यावर कोणतं नोझल किती अंशांवर यायचं, हे प्लँटची उत्तर दिशा शून्य धरून ठरवतात. पण तिकडे पायपिंगचा आराखडाच पक्का झालेला नसतो, म्हणून कन्सल्टंट तो कोपरा मोकळा ठेवतो. शॉपला वाटतं, नोझल तर शेवटी बसवायचेत, तोवर बाकीचं उरकून घेऊ. काही अंशी ते खरंही आहे. शेलची जाडी दाब, तापमान आणि व्यासावर ठरते. मोठं नोझल कुठेही आलं तरी जाडी सहसा बदलत नाही. तेव्हा प्लेट मागवता येतात, बाहेरून घ्यायचे डिश एंड आणि फोर्ज्ड फ्लँज सांगून ठेवता येतात. या वस्तूंनाच सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून हे आधी करायलाच हवं.

पुढे मात्र गाडी अडते. प्लेट वळवून शेल केला की त्याला एक उभा जोड येतो. तो जोड नोझलच्या भोकाखाली किंवा भोवतीच्या रीइन्फोर्समेंट पॅडखाली यायला नको, शिवाय शेजारच्या दोन शेलचे उभे जोड एका रेषेत यायला नकोत. म्हणजे नोझल कुठे हे कळल्याशिवाय शेल एकमेकांना कोणत्या कोनात जोडायचे तेच कळत नाही. ‘शेवटचं’ वाटणारं काम खरं तर मधल्याच टप्प्यावर वाट अडवून बसलेलं असतं. शॉपच्या प्लॅनिंग तक्त्यात ही गोष्ट क्वचितच दिसते.

कागदावर नोझल तीस अंश सरकवायला ड्राफ्ट्समनचा तासभर जातो. भोक पाडल्यावर सरकवायचं तर जुन्या जागी तुकडा बसवायचा, वेल्ड करायचा, रेडिओग्राफी करायची आणि दुरुस्तीची पद्धत इन्स्पेक्टरकडून मंजूर करून घ्यायची. हायड्रोटेस्ट झाल्यावर बदल आला तर चाचणी पुन्हा करायची पाळी येते. एएसएमई कोडच्या नेहमीच्या नियमानुसार या चाचणीचा दाब कमाल कार्यदाबाच्या किमान १.३ पट असतो. वेल्डिंगनंतरची हीट ट्रीटमेंट झालेली असेल तर सहसा तीही पुन्हा.

नोझलची दिशा वाहतुकीतही डोकं वर काढते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत वाहनाच्या रुंदीची मर्यादा २.६ मीटर आहे. २.४ मीटर व्यासाचं व्हेसल त्यात बसतं, पण दोन्ही बाजूंना वीतभर नोझल निघाले की बसत नाही. मग ते ट्रेलरवर कोणत्या अंगावर झोपवायचं याचा विचार करावा लागतो, नाहीतर जादा मापाच्या मालाची परवानगी काढायची आणि तेवढं धूड कुंभार्ली घाटातून उतरवायचं.

यावर मला पटलेला उपाय साधा आहे. होल्ड कधीपर्यंत उठला पाहिजे ती तारीख ड्रॉइंगवरच लिहावी : ‘अमुक तारखेनंतर ओरिएंटेशन मिळाल्यास डिलिव्हरी तितकेच दिवस पुढे जाईल.’ वेगळ्या ईमेलमध्ये नाही, ड्रॉइंगवर. कारण कन्सल्टंट, ग्राहक आणि शॉप या तिघांच्याही समोर तोच कागद असतो. तारीख उलटली की त्याच दिवशी पत्र पाठवावं. ग्राहक दुखावेल म्हणून लहान शॉपवाले असं लिहायला कचरतात, फोनवर आठवण करतात आणि सोडून देतात. उशिराच्या दंडाचं कलम मात्र पीओत छापलेलंच असतं. साधारण आठवड्याला अर्धा टक्का, कमाल पाच टक्के. ज्या धंद्यात नफाच मोजका, तिथे हे पाच टक्के थोडे नाहीत.

साइटवरच्या इंजिनीअरने व्हॉट्सॲपवर ‘ओके, गो अहेड’ लिहिलं, तर ते काहीच नसण्यापेक्षा बरं. पण बदल मंजूर करायचा अधिकार त्याला आहे का, हे पीओत पाहावं. नसेल तर ज्याला आहे त्याला तोच मजकूर त्याच दिवशी ईमेलने पाठवून पोच मागावी.

पुढचा लेखांक पैशांचा. सूक्ष्म व लघु उद्योगांची बिलं जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकती व्हावीत आणि न झाल्यास बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावं, असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. ते व्याज मागायला शॉपवाले का धजावत नाहीत, ते पुढच्या आठवड्यात पाहू.