दयाराच्या कुरणाचं बळ मुळांत

उत्तरकाशी जिल्ह्यातल्या रैथल किंवा बारसू गावातून निघालं की खर्सू ओक आणि बुरांसच्या जंगलातून चढण लागते. वर पोचता पोचता झाडं संपतात आणि दयारा बुग्याल, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं गवताळ कुरण, समोर येतं. तीन हजार मीटरहून अधिक उंचीवरचं, सुमारे 28 चौरस किलोमीटरचं हे कुरण. मागे बंदरपूंछची हिमशिखरं.

इथे वाढीचा हंगाम जेमतेम जून ते सप्टेंबर. एवढ्याशा उबेत झाडांना उंच खोड पोसणं परवडत नाही. गवत आणि फुलझाडं मात्र जमिनीलगत राहून आपला बराचसा साठा मुळांत, कंदांत जपतात. हिवाळ्यात अंगावरचा बर्फ त्यांना बोचऱ्या थंडीपासून वाचवतो. गुडघे टेकून पाहा. पोटेंटिलाच्या इवल्या फुलांखाली मुळांची वीण इतकी घट्ट असते की बोट आत शिरत नाही.

हा सारा उतार त्या विणीने धरून ठेवलाय. ती सततच्या वर्दळीने किंवा तंबूंच्या दाटीने फाटली, की उघड्या मातीतलं पाणी रात्री गोठून फुगतं, माती सुटी होते आणि पावसात वाहून जाते. पायवाटेची घळ होते. घळीच्या काठावर खालची माती गेल्याने गवताची मुळं हवेत लोंबकळताना दिसतात. वनविभागाने दयारावर काथ्याच्या जाळ्या, बांबू आणि चिडाची वाळलेली पानं वापरून अशा घळी बांधायला घेतल्या आहेत.

मग गुरांचं काय? रैथलचे लोक उन्हाळ्यात गुरं घेऊन इथल्या छान्यांमध्ये, म्हणजे हंगामी झोपड्यांत राहतात. भाद्रपद संक्रांतीच्या अंढूडी उत्सवात ते दूध, ताक, लोणी देवाला वाहतात आणि मग एकमेकांवर उधळतात. चराई म्हणजे नासधूसच, हे मला पटत नाही. व्हॅली ऑफ फ्लॉवर्स 1982 साली राष्ट्रीय उद्यान झालं, तिथली चराई थांबली आणि पुढे पॉलिगोनम ही उंच वनस्पती फोफावून लहान फुलझाडांना झाकू लागली. चराई थांबल्यानेच हे झालं का, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण पॉलिगोनम उपटण्याची मोहीम वनविभागाला राबवावी लागली, हे खरं.

उत्तराखंड उच्च न्यायालयाने 2018 मध्ये बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली. महाराष्ट्रातून हिमालयात जाणाऱ्या ट्रेकरांनी ती मनापासून पाळावी. तंबू खाली जंगलात ठोका, वर मळलेल्या वाटेवरूनच चाला, आणि फोटोसाठीसुद्धा गवतात नवी वाट पाडू नका.